डॉक्युमेंटरी छायाचित्रांचा संपादक आणि समीक्षक होण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पत्रकारितेची पदवी आहे, स्वतः बऱ्यापैकी फोटो काढता येतात, पण छायाचित्रकार होण्यापेक्षा डॉक्युमेंटरी छायाचित्रांचा संपादक किंवा समीक्षक व्हावे असे वाटते, तर या दोन वाटा वेगळ्या आहेत की एकच, त्यासाठी काय शिकावे लागते आणि यावर पोट भरते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही हे आपल्याला ठरवता येईल. निव्वळ समीक्षेवर, निदान मराठीत तरी, पोट भरत नाही. संपादनावर भरते, पण एकाच ठिकाणच्या पगारातून क्वचित. ज्यांचे बरे चालले आहे असे माझ्या माहितीतले बहुतेक जण संपादन करतात, लिहितात आणि शिकवतातही. मी स्वतः मुंबईत आधी वर्तमानपत्राच्या, मग मासिकाच्या आणि आता पुस्तकांच्या व प्रदर्शनांच्या छायाचित्रांचे काम पाहत आले आहे, त्यामुळे पुढचे सगळे त्या मेजावरून दिसते तसे लिहिते आहे.

या कामाला 'नजर' लागते असे सगळेच सांगतात. ती लागतेच, पण ती कामाचा लहान भाग आहे आणि भरपूर पाहिल्याने ती येतेही. मोठा भाग हिशेबाचा आहे: समोरचे छायाचित्र स्वतःच्या बळावर नेमके किती सांगते आणि त्याच्या नावावर आपण किती खपवतो आहोत. संपादक हा हिशेब पान सुटण्यापूर्वी करतो, समीक्षक ते छापून आल्यावर करतो. प्रश्न दोघांचे तेच असतात, म्हणून या वाटा मला वेगळ्या वाटत नाहीत. वेळ वेगळी असते, आणि चूक निघाली तर ती निस्तरण्याची किंमतही वेगळी असते.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे जॉन मॉरिस आणि ए. डी. कोलमन या दोन अमेरिकी माणसांचे. मॉरिस (१९१६–२०१७) विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या छायाचित्र-संपादकांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात ते 'लाइफ' साप्ताहिकाच्या लंडन कार्यालयात छायाचित्रांचा विभाग सांभाळत होते. पुढे मॅग्नम या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेचे कार्यकारी संपादक झाले आणि नंतर 'वॉशिंग्टन पोस्ट' व 'न्यू यॉर्क टाइम्स' या दोन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. ६ जून १९४४ रोजी रॉबर्ट कापा हा युद्धछायाचित्रकार फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकी सैनिकांबरोबर उतरला आणि त्याने काढलेली रिळे मॉरिस यांच्या कार्यालयात आली. पुढची कथा छायाचित्रणाच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते: डेडलाइन डोक्यावर होती, अंधारखोलीतल्या पोऱ्याने रिळे लवकर वाळावीत म्हणून कपाटाची उष्णता वाढवून दार लावून घेतले, फिल्मचे इमल्शन, म्हणजे प्रतिमा धरणारा थर, वितळले आणि चार रिळांपैकी जेमतेम अकरा चित्रे वाचली. कापाने १९४७ च्या आपल्या आठवणींत एकूण १०६ चित्रे काढल्याचे लिहिले होते. मॉरिस यांनी ही हकिगत दशकानुदशके सांगितली, आणि कापाच्या चित्रांतला तो हललेला, दाणेदार धूसरपणा जणू तिचा पुरावाच मानला गेला.

कोलमन यांनी १९६८ पासून 'व्हिलेज व्हॉइस' या न्यू यॉर्कच्या साप्ताहिकात छायाचित्रणावर स्तंभ लिहिला आणि १९७० ते १९७४ या काळात ते 'न्यू यॉर्क टाइम्स'चे छायाचित्र-समीक्षक होते. २०१४ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी ही कथा तपासायला घेतली. जे. रॉस बॉमन हा पुलित्झरविजेता छायाचित्रकार, एक लष्करी इतिहासाचा अभ्यासक आणि फिल्म-प्रक्रिया जाणणारा आणखी एक छायाचित्रकार त्यांच्या सोबतीला होते. त्यांनी दाखवून दिले की त्या काळच्या वाळवण्याच्या कपाटातल्या उष्णतेने इमल्शन असे वितळून वाहत नाही. काही चित्रांत प्रतिमा फिल्मच्या एका बाजूच्या छिद्रांवर सरकलेली दिसते, तीही वितळल्यामुळे सरकलेली नसून कॅमेऱ्यात फिल्मची डबी घट्ट न बसल्यामुळे तशी उमटलेली आहे. सैन्याच्या नोंदींवरून कापा किनाऱ्यावर सांगितला जातो त्यापेक्षा फार कमी वेळ होता असे निघाले आणि त्याने तिथे दहा-अकराच चित्रे काढली असावीत या निष्कर्षाला ते आले. वयाच्या शंभरीला टेकलेल्या मॉरिस यांनीही शेवटी, बाकीच्या रिळांवर मुळात काही नसावे, ही शक्यता मान्य केली.

यात कापाची ती चित्रे लहान झाली असे मला वाटत नाही. माणूस गोळीबारात उतरला, दहा चित्रे घेऊन परत आला आणि ती दहा चित्रे आजही त्या सकाळची सर्वांत जवळची नोंद आहेत. पण सत्तर वर्षे आपण त्या धूसरपणातून एका न घडलेल्या अपघाताचा अर्थ काढत होतो, आणि एका अनाम पोऱ्याच्या माथी इतिहासातली मोठी चूक मारत होतो. हे उलगडायला सौंदर्यशास्त्र कामी आले नाही. फिल्म कशी धुतात, कशी वाळवतात, कुठल्या कॅमेऱ्यात कुठली डबी बसते, हे ठाऊक असावे लागले. म्हणून समीक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की निदान एकदा अंधारखोलीत उभे राहा, आणि रॉ फाइल म्हणजे काय, तिच्यातून जेपेग तयार होताना काय टिकते आणि काय जाते, हे स्वतःच्या हाताने करून पाहा.

आता संपादनाच्या मेजावर नेमके काय होते ते पाहू. समजा, एक छायाचित्रकार बीडच्या ऊसतोड मजुरांच्या एका टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामभर राहून आला आहे आणि दीड हजार छायाचित्रे त्याने आणली आहेत. पहिली चाळणी यांत्रिक असते: हललेली, एकाच क्षणाची पाच-पाच चित्रे, डोळे मिटलेले चेहरे. ती संगणकावर भराभर होते. त्यानंतर जी दीडशे-दोनशे उरतात त्यांच्या मी पोस्टकार्डाएवढ्या स्वस्त प्रती काढून घेते आणि मोठ्या मेजावर पसरते, कारण पडद्यावर प्रत्येक चित्र एकटे दिसते आणि मेजावर ती एकमेकांच्या शेजारी येतात. छायाचित्रकाराला सर्वांत प्रिय असलेले चित्र बहुधा पहिल्यांदा बाजूला पडते: पहाटेच्या सोनेरी धुक्यात डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईची काळी आकृती. चित्र सुंदर असते, पण ती बाई कोण, कुठली, कोणाच्या फडात राबते, यातले काहीही त्यात नसते. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी दुसऱ्या जिल्ह्यात काढलेले चित्र त्याच्या जागी ठेवले तरी चालेल. याउलट जे त्याने 'फक्त नोंद म्हणून' काढले होते, म्हणजे मुकादमाच्या वहीचे पान, त्यावर उचलीची रक्कम आणि शेजारी अंगठा, ते सबंध मालिकेचा कणा ठरते. कोपीच्या दारात लावलेली झोळी, ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून मोळी घेऊन चढणाऱ्या बाईच्या पोटऱ्या, रात्री कारखान्याच्या गव्हाणीपुढे तासन् तास उभी असलेली बैलगाड्यांची रांग: ही चित्रे त्या वहीच्या पानाशी बोलू लागतात.

इथेच माहिती कामी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल त्या जोडीला मिळते आणि हिशेबही जोडीचा होतो. हे संपादकाला ठाऊक नसेल तर तो एकट्या पुरुषाचे दमदार चित्र पहिल्या पानावर लावतो, बाईचे आतल्या पानावर 'शेतकरी महिला' अशा फोटोओळीखाली टाकतो आणि दीड हजार चित्रांच्या मेहनतीवर पाणी पडते. इथे ती शेतकरी म्हणून नव्हे, मजूर म्हणून आलेली असते. म्हणून माझ्या लेखी फोटोओळ हा संपादनाचा शेवटचा नव्हे तर पहिला टप्पा आहे. कोण, कुठे, केव्हा, काय करत आहे आणि हे आपल्याला कोणी सांगितले, या पाच गोष्टी छायाचित्रकाराने त्याच रात्री फाइलच्या माहितीच्या रकान्यात भरलेल्या नसतील तर ते चित्र मी अर्धेच आलेले समजते.

निवड किती कठोर असते याची कल्पना आकड्यांवरून येते. रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर अमेरिकाभर फिरून ७६७ रिळे, म्हणजे सत्तावीस हजारांहून अधिक चित्रे काढली. 'द अमेरिकन्स' या पुस्तकात आली ८३. पण मला त्या पुस्तकाची दुसरी गोष्ट अधिक शिकवणारी वाटते. १९५८ साली पॅरिसमध्ये रोबेर देलपीर यांनी ते प्रथम छापले तेव्हा प्रत्येक छायाचित्रासमोरच्या पानावर अमेरिकेविषयी वेगवेगळ्या लेखकांचे उतारे होते. दुसऱ्या वर्षी न्यू यॉर्कमध्ये निघालेल्या आवृत्तीत ते उतारे गेले आणि समोरच्या पानावर कोरा कागद व ठिकाणाची एक ओळ एवढेच राहिले. चित्रे तीच, क्रमही तोच, पण पहिल्या आवृत्तीत ती एका देशाविषयीच्या निबंधाची सजावट होती आणि दुसऱ्या आवृत्तीत तो निबंध तीच होती. छायाचित्रांना हात न लावता संपादक किती मोठा बदल करू शकतो हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

छायाचित्रकारानेच स्वतःचे संपादन करावे की नाही, या वादात युजीन स्मिथचे नाव नेहमी निघते. १९५५ मध्ये स्टेफान लोरांत या संपादकाने पिट्सबर्ग शहरावरच्या पुस्तकासाठी त्याला तीन आठवड्यांच्या आणि सुमारे शंभर चित्रांच्या बोलीवर नेमले. स्मिथने त्यात काही वर्षे घातली, हजारो निगेटिव्ह जमवल्या, कर्जबाजारी झाला आणि शेवटी १९५९ मध्ये एका वार्षिकांकात स्वतःच मांडणी करून तो निबंध छापला. त्या मांडणीवर तो स्वतःच नाराज होता. पिट्सबर्गचे काम घेण्याच्या थोडे आधी 'लाइफ'ने आपल्या चित्रांचे मनासारखे संपादन केले नाही म्हणून त्याने ती नोकरी सोडली होती. आपल्याकडचे तरुण छायाचित्रकार हा किस्सा संपादकांविरुद्ध सांगतात, मी तो संपादकांच्या बाजूने सांगते. दोन्ही बाजूंनी तो तितकाच खरा आहे.

पान लावताना शेजार फार महत्त्वाचा असतो. १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगावच्या रस्त्यावर दक्षिण व्हिएतनामच्या पोलीसप्रमुखाने एका बंदिवानाच्या डोक्यात गोळी घातली आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एडी ॲडम्सने तो क्षण टिपला. 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये तेव्हा छायाचित्रांचे काम मॉरिस यांच्याकडे होते. ते चित्र पहिल्या पानावर मोठे लागावे असा त्यांचा आग्रह होता आणि ते लागलेही. मात्र वरिष्ठांनी तोल साधण्यासाठी त्याच पानावर, गनिमांनी मारलेल्या आपल्या मुलाचे शव नेणाऱ्या दक्षिण व्हिएतनामी अधिकाऱ्याचे चित्रही लावले. तो शेजार योग्य होता का, यावर आजही दोन मते होऊ शकतात. माझे मत असे की संपादकाने असा तोल साधू नये, कारण मग वाचक दोन्ही मृत्यू न पाहता तराजू पाहू लागतो. पण रात्री उशिरा, वृत्तसंपादक मागे उभा असताना हे मत टिकवणे किती अवघड असते ते मी जाणते.

श्रेयाची ओळ हीसुद्धा संपादकाची जबाबदारी आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. आज आपण हे हळहळून वाचतो, पण तेव्हा कोणीतरी ती ओळ रोज जुळवत होते. याहून ताजे प्रकरण ८ जून १९७२ चे आहे. व्हिएतनाममधल्या त्रांग बांग गावाजवळ नापाम बॉम्बने भाजलेली, विवस्त्र धावणारी मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. नग्नतेमुळे ते चित्र असोसिएटेड प्रेसच्या सायगाव कार्यालयात आधी बाजूला ठेवले गेले होते आणि हॉर्स्ट फास या ज्येष्ठ संपादकाने ते पाठवायला लावले. म्हणजे ते जगापुढे आले हाच मुळी एका संपादकाचा निर्णय. ते निक उट यांच्या नावावर आहे. २०२५ च्या आरंभी एका माहितीपटाने असा दावा पुढे आणला की ते न्गुयेन थान न्गे या स्थानिक छायाचित्रकाराने काढले होते आणि श्रेय कार्यालयात बदलले गेले. दावा करणारा त्या वेळी त्याच कार्यालयात छायाचित्रांचे काम पाहणारा माणूस होता. असोसिएटेड प्रेसने दीर्घ चौकशी केली, निगेटिव्हच्या चौकटीच्या कडांवरून ती लायका कॅमेऱ्याची की पेंटॅक्सची इथपर्यंत तपासले आणि श्रेय काढून घेण्याइतका पुरावा नाही असे म्हणून उट यांचे नाव कायम ठेवले. वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने मात्र मे २०२५ मध्ये आपल्या नोंदीत त्या चित्राचे कर्तृत्व स्थगित केले. एकाच चित्राविषयी दोन जबाबदार संस्था दोन ठिकाणी उभ्या आहेत. अशा वेळी समीक्षकाने काय लिहावे? माझे उत्तर असे की दोन्ही निर्णय, त्यांच्या तारखांसह आणि कारणांसह, लिहावेत आणि आपला कल कुठे आहे हे सांगायचेच असेल तर तो कल आहे असे म्हणून सांगावा.

आपल्या शहरातले उदाहरण घ्यायचे तर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचे. छत्रपती शिवाजी टर्मिनससमोरच्या कार्यालयातून 'मुंबई मिरर'चे छायाचित्र-संपादक सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा घेऊन स्थानकात धावले आणि हातात रायफल घेतलेल्या कसाबचे ते चित्र त्यांनी काढले. पुढे खटल्यात त्यांची साक्ष झाली आणि ते चित्र पुराव्यात आले. न्यायालयात चित्राची रचना, प्रकाश, 'निर्णायक क्षण' यांविषयी कोणी विचारत नाही. कधी काढले, कुठे उभे राहून काढले, मूळ फाइल कुठे आहे, हे विचारतात. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावून ठेवा असे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ते हसतात, मग मी त्यांना या खटल्याची आठवण करून देते.

समीक्षेविषयी आता थोडे वेगळे लिहिते. मराठीत छायाचित्र-प्रदर्शनाचे परीक्षण बहुधा छायाचित्रकाराचे चरित्र, उद्घाटनाला कोण आले होते आणि 'बोलकी छायाचित्रे' या तीन गोष्टींत आटोपते. (छायाचित्रे बोलकी असल्याचा उल्लेख काही वर्षे बंद ठेवला तरी मराठी समीक्षेचे भले होईल.) त्याऐवजी तुलना शिका, समीक्षेचे ते सर्वांत उपयोगी हत्यार आहे. मार्च २०१६ मध्ये टेजू कोल या लेखकाने स्टीव्ह मॅककरी यांच्या भारतातल्या छायाचित्रांशेजारी रघुबीर सिंह यांची छायाचित्रे ठेवली. मॅककरींच्या चित्रांत भारत जुन्यापुराण्या, नीटनेटक्या रंगसंगतीत थिजलेला आहे, तर रघुबीर सिंहांच्या चित्रांत काच, आरसे, मोटारीचे दार, अर्धवट कापली गेलेली माणसे आणि आजचा गोंगाट चौकटीत शिरलेला आहे, असे त्याचे म्हणणे होते. हा निष्कर्ष त्याने केवळ चित्रे पाहून काढला. काही आठवड्यांतच मॅककरी यांच्या एका प्रदर्शनातल्या मुद्रितात संगणकावरच्या फेरफाराच्या खुणा सापडल्या आणि नंतर भारतातल्या चित्रांतूनही माणसे व वस्तू पुसल्याचे उघड झाले. चौकट संशयास्पद नीटनेटकी आहे हे समीक्षकाला पुराव्याआधी दिसले होते, ते तुलनेमुळे.

असाच एक सराव मी नवोदितांना देते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायुगळतीनंतर एका अनोळखी बालकाच्या दफनाचे छायाचित्र रघु राय यांनीही काढले आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही, एक कृष्णधवल आणि दुसरे रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातल्या सर्वोत्तम छायाचित्राचा मान मिळाला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून 'हृदयद्रावक' हा शब्द न वापरता पाचशे शब्द लिहायचे. मातीचा रंग दिसला की काय बदलते, हात चौकटीत कुठून येतो, डोळे कुठे वळतात, रंग नसल्याने चित्र स्मारक बनते का आणि ते बनणे त्या बालकाच्या बाजूचे आहे का. हे लिहिता आले तर आपण समीक्षा लिहू शकता.

छायाचित्र खोटे नसते पण ओळ खोटी असते, असेही घडते. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने बेल्जियमच्या शार्लरुआ शहरावरच्या मालिकेला दिलेले पारितोषिक परत घेतले, कारण त्यातले एक चित्र ब्रुसेल्समधल्या मोलेनबेकचे निघाले. त्याच वर्षी अंतिम टप्प्याच्या आदल्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे वीस टक्के प्रवेशिका मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर फेरफारामुळे बाद झाल्या होत्या. आता यंत्राने बनवलेल्या प्रतिमांमुळे ही झडती आणखी कडक झाली आहे. माझा नियम साधा आहे: मूळ फाइल आणि तिच्या आगेमागे काढलेली चार-पाच चित्रे दाखवायला जो तयार नसतो, त्याचे चित्र घेत नाही. खऱ्या चित्राला आगापिछा असतो.

कायद्याची किमान माहिती नसलेला छायाचित्र-संपादक स्वतःलाही गोत्यात आणतो आणि चित्रातल्या माणसालाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख पटेल असे काहीही छापायला २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे, आणि 'काहीही' यात शाळा, शेजार, कुटुंब हे सगळे येते. चेहरा धूसर केला आणि मागे शाळेची पाटी राहिली तर उपयोग नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ आणि बलात्कारपीडितेच्या ओळखीविषयीचे, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२ असलेले, बंधन हेही तोंडपाठ हवे. पण कायदा परवानगी देतो तिथेही प्रश्न संपत नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. अशा विषयात एखादी बाई 'काढा फोटो' म्हणाली, तरी तो फोटो नावासह तिच्याच गावातल्या मोबाइलवर फिरेल हे तिला कोणी समजावून सांगितले होते का, हे मी विचारते. उत्तर अडखळत आले तर चेहरा नसलेले चित्र निवडते. हात, पाठ, घर यांतूनही पुष्कळ सांगता येते.

शिक्षणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. केवळ छायाचित्र-संपादनाचा असा अभ्यासक्रम आपल्याकडे माझ्या परिचयाचा नाही. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर आवारात छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; ढाक्यात शहिदुल आलम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली पाठशाला ही संस्था डॉक्युमेंटरी कामासाठी दक्षिण आशियात मानली जाते. पण पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या, ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळावरच्या छायाचित्रांच्या ओळी रोज वाचल्या, त्यात माणसाचे नाव, गाव आणि काम कसे नोंदवले जाते ते पाहिले, आणि सुधारक ओलवे यांचे मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने पाहिले, तर एखाद्या सत्राएवढे शिक्षण विनामूल्य होते. मुंबईत राहत असाल तर प्रदर्शने दोनदा पाहा: एकदा चित्रे, दुसऱ्यांदा फक्त ओळी आणि क्रम.

मिळकतीचे म्हणाल तर वर्तमानपत्रांत छायाचित्र-संपादकाची स्वतंत्र जागा आता विरळ झाली आहे. काम मिळते ते छायाचित्रकारांच्या पुस्तकांचे, संस्थांच्या अहवालांचे, संग्रहालयांच्या व प्रदर्शनांच्या मांडणीचे, जुन्या संग्रहांची सूची करण्याचे, आणि दिवाळी अंकांत एखाद्या चित्रमालिकेचे. शेवटच्यात मानधन नावापुरते असते, पण मराठीत आपले नाव तिथूनच होते. जुन्या संग्रहांचे काम सर्वांत कमी लोक करतात आणि त्याची गरज सर्वांत जास्त आहे: घरोघरी, स्टुडिओंत आणि बंद पडलेल्या नियतकालिकांच्या कपाटांत निगेटिव्ह सडत आहेत आणि त्यांवर कोण, कुठे, केव्हा हे लिहायला ज्यांना आठवते ती माणसे म्हातारी होत आहेत.

कामाला सुरुवात करायची असेल तर ओळखीच्या एखाद्या छायाचित्रकाराची न छापलेली मालिका मागून घ्या. ती पंधरा चित्रांवर आणा, प्रत्येक चित्राची ओळ लिहा, आणि जी दहा चित्रे शेवटच्या क्षणी वगळली ती का वगळली यावर एकेक वाक्य लिहून सगळे संपादकाला पाठवा. तो पंधरांपेक्षा ती दहा वाक्ये लक्षपूर्वक वाचेल. काम मिळाले तर पैशाआधी हक्कांचे लेखी ठरवा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार मोबदला देऊन खास काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो, आणि वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्रावर मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता असतो, बाकीचा छायाचित्रकाराकडे राहतो. संपादक म्हणून आपण कोणाच्या वतीने बसला आहात आणि ते चित्र पुन्हा कुठे वापरले जाऊ शकते, हे करारात एका परिच्छेदात मावते. तो परिच्छेद आपणच लिहून न्या, कारण समोरचा क्वचितच आणतो.